शाळा न शिकलेले पालीचे प्राध्यापक : आचार्य धर्मानंद कोसंबी

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायची म्हटली की तिच्यात एखादे चरित्र असतेच. परमपूज्य बाबासाहेबांचे, माता रमाईंचे, महात्मा फुल्यांचे, सम्राट अशोकाचे. ही चरित्रे आपल्या घराघरांत माहीत आहेत आणि ती पुन्हा पुन्हा वाचावीत अशीच आहेत. यंदा मात्र आम्ही जरा वेगळे नाव घेतले आहे. हा माणूस आपल्या कोकणपट्टीचाच, खाली गोव्याचा. त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ आपल्यातल्या पुष्कळ घरांत आहे. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर तो ठेवलेला असतो, वर्षावासात त्याचे वाचनही होते. पण पुस्तकावरचे नाव वाचून आपण पुढे जातो. हा लेखक कोण, कुठला, याला पाली कुणी शिकवली, हे सहसा कुणी विचारत नाही.

हे चरित्र घ्यायला आणखी एक कारण घडले. दहावीचा निकाल लागला की विहारात हमखास एक प्रश्न येतो. पोराने अकरावीला दुसरी भाषा कुठली घ्यावी? पाली घेतली तर मार्क पडतात का? कॉलेजात तो विषय मिळतो का? नियमात बसते का? आईबापांची ही काळजी खोटी नाही. पण पाली हा विषय विद्यापीठाच्या यादीत आपोआप आलेला नाही, बरं का. तो तिथे यावा म्हणून एका माणसाने आपल्या पोटाला चिमटा घेतला होता. त्या माणसाने स्वतः कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलेली नव्हती.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या सांखवाळ या गावी झाला. घर गौड सारस्वत ब्राह्मणाचे, नारळाच्या बागायतीवर चालणारे. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य. खेड्यात मराठी शाळेची सोय जेमतेम, त्यात मुलाची प्रकृती नाजूक, त्यामुळे शाळेचे शिक्षण अगदी थोडे झाले. बाकीचा वेळ बागेची राखण आणि हाताला लागेल ते मराठी पुस्तक वाचणे. १८९१ साली, म्हणजे पंधराव्या वर्षी, लग्नही होऊन गेले. पत्नीचे नाव बाळाबाई.

१८९७ च्या सुमारास 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मासिकाचा एक अंक त्यांच्या हाती आला. हे मासिक ख्रिस्ती मिशनऱ्यांचे. त्यात भगवान बुद्धांवर एक लेख होता. तो वाचून या तरुणाच्या मनाने घेतले की बुद्ध काय म्हणाले ते मुळातून कळले पाहिजे. आता मुळातून म्हणजे कुठल्या भाषेतून, ती कोण शिकवतो, हे गोव्यातल्या खेड्यात सांगणार कोण? ग्रंथ परदेशात, भिक्खू परदेशात. जिथे बुद्धांनी धम्म सांगितला त्या देशात बुद्धांची भाषा शिकवणारी शाळा शोधून सापडत नव्हती.

इथे आमच्या रत्नागिरीकरांना एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. याच वर्षांत पाली जाणणारा एक माणूस आपल्या गावात राहत होता, आणि तो कोणी साधासुधा नव्हे, बर्माचा राजा थिबा. इंग्रजांनी त्याला १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवले आणि १९१६ साली तो इथेच वारला. थिबा पॅलेस आपण पाहुण्यांना हौसेने दाखवतो. पण हा राजा लहानपणी विहारात शिकलेला होता, पालीतल्या धर्मग्रंथांची परीक्षा उतरलेला होता, हे आपण सांगत नाही. त्याचे वडील मिंडॉन यांनी मंडालेला अख्खे त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले. अशा बापाचा मुलगा तीस वर्षे रत्नागिरीच्या टेकडीवरून समुद्राकडे बघत बसला, आणि गोव्याचा तरुण पाली शिकायला देशोदेशी हिंडला.

डिसेंबर १८९९ मध्ये धर्मानंदांनी घर सोडले. मागे बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक. चरित्रकार अशा जागी त्यागाचे वर्णन करतात आणि पुढे सरकतात. आम्हाला तसे करवत नाही. नवरा कुठल्या गावी आहे, परत येणार की नाही, हे माहीत नसताना त्या बाईने सासरी सहासात वर्षे कशी काढली असतील? विहारातल्या भगिनींनी याचा विचार करावा. धर्मानंद पाली शिकले याचा निम्मा खर्च बाळाबाईंच्या खात्यावर पडलेला आहे.

पहिला मुक्काम पुणे. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. भांडारकर जन्माने मालवणचे, १८३७ सालचे, आणि शाळा शिकले आपल्या रत्नागिरीत. पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. संस्कृत आल्यावाचून पुढची वाट नाही हे धर्मानंदांना उमगले, आणि ते ग्वाल्हेरवरून काशीला गेले. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्र्यांकडे व्याकरण घोकायचे, असे दिवस काढले. १९०२ साली बुद्धधर्म सापडेल या आशेने नेपाळात गेले. तिथे जे दिसले त्याने निराशाच झाली. मग बुद्धगया, कलकत्ता आणि तिथून सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका.

कोलंबोला विद्योदय विद्यालय नावाची मोठी संस्था होती. आचार्य सुमंगल हे तिचे प्रमुख. त्यांच्यापाशी धर्मानंदांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीला हात घातला. सिंहली येत नव्हती, पण काशीचे संस्कृत इथे कामाला आले. तिथे प्रवेशाचा अर्ज नव्हता, दाखला नव्हता, फी नव्हती. आचार्यांनी पारखून पाहिले आणि शेजारी बसवून घेतले. हवा आणि जेवण मानवले नाही म्हणून पुढच्या वर्षी मद्रासला यावे लागले. मग बर्मा. १९०४ साली तिथे उपसंपदा घेऊन ते भिक्खू झाले. सिंहली लिपीत शिकलेली पाली आता बर्मी लिपीत वाचायला शिकले.

हा लिपीचा मुद्दा नीट ध्यानात घ्यावा, कारण पुढे विद्यापीठात सगळे घोडे तिथेच अडणार होते. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलात ती सिंहली लिपीत, बर्मात बर्मीत, सयामात सयामी अक्षरांत लिहितात, आणि १८८१ साली लंडनला पाली टेक्स्ट सोसायटी निघाल्यापासून साहेब लोक ती रोमन अक्षरांत छापू लागले. देवनागरीत मात्र तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पुस्तके. म्हणजे ज्या मराठी मुलाला पाली खरे तर सोपी जावी, त्याच्यासाठी वाचायलाच काही नाही. सोपी का म्हणतो? हत्थ म्हणजे हात, सप्प म्हणजे साप, दुद्ध म्हणजे दूध, कम्म म्हणजे काम. आपली आजी बोलते त्याच्या ही भाषा किती जवळची आहे बघा. संस्कृतातले द्विवचन पालीत नाही, एकवचन आणि अनेकवचन यांवर भागते. विहारातले लहान मूल त्रिशरण पंचशील पाठ म्हणते तेव्हा ते निम्मी विभक्ती न कळत शिकलेले असते.

भिक्खू म्हणून भारतात हिंडून १९०६ साली धर्मानंद कलकत्त्याला पोचले. बंगालच्या फाळणीनंतरचे ते दिवस, स्वदेशीचा जोर होता आणि नवे नॅशनल कॉलेज निघाले होते. तिथे पाली शिकवायला त्यांना ठेवून घेतले. कलकत्ता विद्यापीठातही पालीचे अध्यापन त्यांच्याकडे आले. याच सुमारास त्यांनी चीवर उतरवले, गोव्याला जाऊन बाळाबाईंना आणले आणि पुन्हा संसार मांडला. १९०७ साली मुलगा झाला, त्याचे नाव दामोदर. हेच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर गाजलेले डी. डी. कोसंबी.

आता इथे चरित्राची गाडी जरा थांबवून विद्यापीठाचा नियम काय होता ते पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे. मॅट्रिकला आणि पुढे कॉलेजच्या परीक्षांना इंग्रजी सर्वांना सक्तीची, आणि तिच्या जोडीला एक दुसरी भाषा घ्यावी लागे. ती दुसरी भाषा बहुतेक जुनी, ग्रंथांची भाषा असे : संस्कृत, फारसी, लॅटिन अशी. आपल्या मराठीलाही तेव्हा कॉलेजात बसायला पाट नव्हता. न्यायमूर्ती रानडे यांनी खटपट केली तेव्हा कुठे शतक बदलता बदलता एम.ए.च्या परीक्षेत मराठीचा शिरकाव झाला. यादीत पाली नव्हती, म्हणजे विद्यापीठाच्या दृष्टीने पाली नावाची भाषाच नव्हती.

आणि यादीत नाव असले म्हणजे भागले असेही नाही. संस्कृत यादीत होती, सर्वांना खुली होती, अमक्या जातीच्या मुलाने घेऊ नये असे विद्यापीठाच्या नियमात कुठे लिहिलेले नव्हते. तरी मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याला संस्कृतच्या वर्गात घेतले नाही. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते. नाइलाजाने त्यांनी फारसी घेतली, १९०७ साली फारसी घेऊनच मॅट्रिक झाले, आणि बी.ए.लाही फारसी आणि इंग्रजी हेच विषय राहिले. संस्कृत बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या कष्टाने कमावली. त्यांच्या मनाला ही गोष्ट किती लागली होती हे त्यांच्या चरित्राच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही ती इथे आणली ती एवढ्यासाठी, की भाषेच्या वर्गाचे दार दोन प्रकारे बंद असते. एक नियमाने आणि दुसरे माणसाने. पहिले उघडायला अर्ज लागतो. दुसरे उघडायला काय लागते ते आपल्या समाजाने अंगावर घेऊन पाहिले आहे.

याच वर्षांत धर्मानंदांपुढे मोठा पेच पडला. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी निरोप दिला, की महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरी येऊन राहा, बडोदे सरकार दरमहा ५० रुपये तीन वर्षे देईल. वर्षाकाठी बडोदे सरकारसाठी काही लेखन करायचे, एवढीच अपेक्षा. कलकत्ता विद्यापीठ मात्र दरमहा २५० रुपये द्यायला तयार. एकीकडे अडीचशे, एकीकडे पन्नास. घरात बायको, दोन लेकरे. तुम्ही आम्ही काय केले असते हे ज्याने त्याने आपल्या मनाशी सांगावे.

धर्मानंदांनी पन्नास घेतले आणि १९०८ साली ते महाराष्ट्रात आले. कलकत्त्यात पाली रुजली होती, तिथे दुसरा कुणीही शिकवू शकला असता. मराठी मुलुखात या भाषेचे नाव घेणारा कुणी नव्हता आणि आपल्या लोकांना आपल्या भाषेतून बुद्ध सांगायचा, हा त्यांचा हट्ट होता. यात पैशाचा मूर्खपणा दिसत असेल तर दिसो. हा मूर्खपणा झाला नसता तर आपल्या पाली वर्गाची गोष्ट आणखी किती वर्षे लांबली असती कोण जाणे.

योगायोग पाहा. ज्या सयाजीरावांनी धर्मानंदांना महिना ५० रुपये दिले, त्यांनीच पुढे कॉलेजच्या शिक्षणासाठी भीमरावांना महिना २५ रुपये दिले आणि १९१३ साली अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात पाठवले. भीमरावांसाठी सयाजीरावांकडे शब्द टाकणारे होते कृष्णराव अर्जुन केळुसकर, वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे. मॅट्रिकच्या सत्काराच्या वेळी त्यांनीच भीमरावांना आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र भेट दिले होते. वेंगुर्ले तेव्हा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होते.

पुण्यामुंबईकडे आल्यावर धर्मानंदांनी डॉ. भांडारकरांना गाठले. भांडारकर तेव्हा सत्तरी ओलांडलेले, पण विद्यापीठात त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांनी खटपट केली आणि मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला जागा मिळाली. हे वाक्य लिहायला सोपे. प्रत्यक्षात एखादी भाषा यादीत घालायची म्हणजे काय काय लागते? आधी विद्यापीठाच्या सभेपुढे प्रस्ताव, मग कुठल्या परीक्षेला कुठले ग्रंथ लावायचे ते ठरवणे, ते ग्रंथ मुलांच्या हाती पडतील असे छापलेले असणे, प्रश्नपत्रिका काढणारा आणि तपासणारा परीक्षक, आणि वर्गात शिकवणारा शिक्षक. यातले एक नसले की सगळे अडते. शिक्षक नाही म्हणून मुले येत नाहीत, मुले नाहीत म्हणून कॉलेज शिक्षक नेमत नाही. हे रडगाणे आजही आपण ऐकतो. हे चक्र सुरू करून द्यायला कुणीतरी एक जण पदरमोड करून शिकवायला उभा लागतो, आणि तो पन्नास रुपयांवर येऊन बसलेला होता.

त्याच काळात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी त्यांची ओळख झाली. हार्वर्डला एक काम अडून पडले होते. आचार्य बुद्धघोषांचा 'विशुद्धिमार्ग' हा महाग्रंथ हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या पंडिताने संपादायला घेतला होता, पण १८९९ साली तो वारला. सिंहली आणि बर्मी हस्तलिखिते ताडून पाहील असा माणूस हवा होता. १९१० साली धर्मानंद बोटीत बसले. मॅट्रिकची परीक्षा न दिलेला, इंग्रजी मोठेपणीच शिकलेला माणूस हार्वर्डला निघाला, तोही शिकायला नव्हे. पण तिथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी बिनसले. संपादक म्हणून नाव कुणाचे लागावे यावरून वाद झाला. धर्मानंदांनी मिंधेपण पत्करले नाही, आणि १९१२ साली ते परत आले.

१९१२ ते १९१८ अशी सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. आमच्या मते हा त्यांच्या आयुष्याचा सगळ्यात फळलेला काळ, जरी त्यात बोटी नाहीत की दीक्षा नाहीत. रोज वर्गात जायचे आणि धातू, विभक्ती, संधी फळ्यावर लिहायचे. त्या वर्गातून आणि त्यांच्या हाताखालून जी मंडळी तयार झाली त्यांची नावे घ्यायलाच हवीत. चिंतामण वैजनाथ राजवाडे बडोद्याला पाली शिकवू लागले. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट फर्ग्युसनमध्येच गुरूच्या जागी उभे राहिले. १९५६ साली बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त भारत सरकारने काढलेल्या ग्रंथाचे संपादक तेच. ना. के. भागवत मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गेले, आणि मुंबई विद्यापीठाच्या देवनागरी पाली ग्रंथमालेचे संपादन त्यांनी केले. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी बौद्ध संस्कृत ग्रंथांच्या आवृत्त्या सिद्ध केल्या. मघाशी लिपीचा जो अडसर सांगितला, तो या शिष्यांनी दूर केला. मराठी मुलाला आपल्या ओळखीच्या अक्षरांत पाली वाचायला मिळू लागली.

धर्मानंदांचे स्वतःचे लेखनही चालूच होते. बडोद्याच्या व्याख्यानांतून 'बुद्ध, धर्म आणि संघ' झाले, मग 'बुद्धलीलासारसंग्रह', 'समाधिमार्ग', 'बौद्धसंघाचा परिचय'. १९२४ साली आत्मचरित्र 'निवेदन' आले. कोकणातल्या वाचकाने ते मिळवून वाचावे, भाषा घरगुती आहे.

पुढचा प्रवास आम्ही भराभर सांगतो. १९१८ ते १९२२ पुन्हा हार्वर्ड. मग गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात तीनेक वर्षे. १९२६-२७ ला तिसऱ्यांदा अमेरिका, आणि विशुद्धिमार्गाचे काम पुरे. १९२९ साली रशियात लेनिनग्राडला पालीचे अध्यापन. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा हा त्रेपन्न वर्षांचा पंडित शिरोड्याच्या सत्याग्रहात उतरला. शिरोडे म्हणजे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले मिठागरांचे गाव. पुढे विलेपार्ल्याच्या छावणीचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि ठाण्याच्या तुरुंगात गेले. त्यानंतर चौथी अमेरिकावारी, मग काशी.

१९३७ साली मुंबईत परळला कामगारवस्तीत बहुजन विहार उभा राहिला, तोही त्यांच्या पुढाकाराने. येवल्याच्या १९३५ सालच्या घोषणेनंतरची ही वर्षे. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्या वस्तीत जाऊन बसावे असे या जन्माने ब्राह्मण असलेल्या विद्वानाला वाटले, याची नोंद आपण ठेवली पाहिजे. विहारासाठी पैसा बिर्लांचा होता, आणि धर्मानंद तिथे दोनच वर्षे राहिले, हेही तितकेच खरे. आपली चळवळ आपल्या माणसांनी आणि आपल्या वर्गणीने उभी केली. त्यामुळे कुणाचे श्रेय मान्य करायला आपल्याला संकोच वाटायचे कारण नाही.

१९४०-४१ साली 'भगवान बुद्ध' प्रसिद्ध झाला. म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. धर्मानंदांनी मूळ पाली सुत्ते पुढे ठेवून दाखवले की ही कथा नंतरची आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा, शस्त्र हाती घेऊन एकमेकांवर उठलेले भाऊबंद, यांतून सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा अर्थ लागतो अशी मांडणी त्यांनी केली. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण रोहिणीच्या पाण्याचा संघर्ष हेच आहे. पाली यायला लागली की असा फरक पडतो. ऐकीव गोष्ट मुळाशी ताडून पाहता येते. बाबासाहेबांनी स्वतः पालीचा कोश आणि व्याकरण यांवर मेहनत घेतली होती. महाराष्ट्र शासनाने ते काम १९९८ साली त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात छापले.

उतारवयात मधुमेह आणि अंगाच्या खाजेने धर्मानंद हैराण झाले. आता आपल्या हातून काम होत नाही, तर दुसऱ्याच्या सेवेवर जगू नये असे त्यांच्या मनाने घेतले, आणि त्यांनी अन्न सोडले. एकदा गांधीजींनी आडकाठी केली म्हणून थांबले. शेवटी ४ जून १९४७ रोजी वर्ध्याजवळ सेवाग्रामला त्यांचे निधन झाले. त्यांचा हा शेवटचा निर्णय आम्हाला पटत नाही. आजारी माणसाची सेवा करणे हे तर खुद्द भगवंतांनी भिक्खूंना सांगितलेले कर्तव्य. पण चरित्रात आहे म्हणून लिहिले.

ज्या विशुद्धिमार्गावरून १९१२ साली हार्वर्डला भांडण झाले, तो ग्रंथ तिथल्या ग्रंथमालेत १९५० साली छापून निघाला. पहिल्या पानावर वॉरन यांच्या नावाबरोबर धर्मानंद कोसंबी हे नाव आहे. ते पाहायला ते नव्हते.

आता आईबापांच्या प्रश्नाकडे येऊ. आजच्या घडीला पाली महाराष्ट्र मंडळाच्या दहावी-बारावीच्या विषयांच्या यादीत आहे. मुंबई आणि पुणे या दोन्ही विद्यापीठांत ती एम.ए.पर्यंत शिकता येते, आणि नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी प्रमाणपत्र व पदविकेचे वर्गही चालतात. लिहायची देवनागरीतच. यादीतून नाव जाऊही शकते हे मात्र विसरू नये. २०१३ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाने मुख्य परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतून पाली काढून टाकली, आणि पाली घेऊन कलेक्टर व्हायची आमच्या मुलांची एक वाट बंद झाली. उलट ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबरच पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा पेढा आपण खाल्ला, वर्ग मात्र अजून वाढायचे आहेत.

आणखी एक गंमत. आज कॉलेजात पाली शिकवायची तर एम.ए. लागते, वर नेट नाहीतर पीएच.डी. लागते. या नियमाने आचार्य धर्मानंद कोसंबींचा अर्ज पहिल्याच टेबलावर बाद झाला असता. नियम चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. शिक्षक पारखायला आज सुमंगलाचार्य कुठून आणायचे? पण आपल्या मुलामुलींनी पालीत एम.ए. केले नाही, तर त्या जागा भरायला माणसेच मिळायची नाहीत, हे उघड आहे.

कॉलेज विषय सुरू ठेवते ते मुले पुरेशी असली तर. एकट्या मुलाने अर्जात पाली लिहिली की ऑफिसातून सांगतात, वर्ग होत नाही, दुसरी भाषा घ्या. म्हणून यंदा ज्यांची मुले दहावीला आहेत त्या घरांनी निकालाची वाट न बघता एकमेकांशी बोलून ठेवावे, आणि सगळ्यांनी मिळून प्रवेश सुरू होण्याआधी प्राचार्यांना भेटावे. सोबत यायला विहारातली मंडळी तयार आहेत.